कूलर उतरवा, सांबार पेरा

दसरा झाला की माझ्या टपालाचा गठ्ठा जाड होतो. पाऊस गेलेला असतो, दुपारचं ऊन अजून चावतं, पण पहाटे पायाशी पडलेली चादर ओढून घ्यावीशी वाटते. नागपुरात पालेभाजी पेरायला याहून चांगली वेळ नाही, आणि वाचकांना ते मी न सांगताच कळतं. यंदाची बहुतेक पत्रं खिडकीबद्दल आहेत. अंगण कुणाला उरलं नाही, गच्चीला सोसायटीचं कुलूप, बाल्कनीत वॉशिंग मशीन. राहिली खिडकी.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. शिकवणं माझं काम नव्हतं. शिकवणाऱ्यांना लागणारी रोपं जिवंत ठेवणं हे होतं. आता तिसऱ्या मजल्यावर राहते आणि माझी शेती म्हणजे तीन खिडक्या.

“काकू, आमच्या फ्लॅटला बाहेर उघडणाऱ्या दोनच खिडक्या. पश्चिमेच्या खिडकीत कूलर आहे, दुसरी दक्षिणेची. मागच्या एप्रिलमध्ये हौसेनं पालक आणि पुदिना लावला, पंधरा दिवसांत दोन्ही करपले. जो तो सांगतो, सहा तास ऊन हवं. मग आमचं ऊन कमी पडलं की जास्त झालं?”
— एक वाचक, हुडकेश्वर

एप्रिलमध्ये पालक लावा असं ज्यांनी सांगितलं ते नागपूरचे नसणार.

आधी कूलरचं बोलू. आपल्याकडे कूलर मार्चमध्ये खिडकीत चढतो, जूनमध्ये बंद होतो, पण उतरत नाही. जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलेला, लग्नाला येऊन मुक्काम ठोकलेल्या पाहुण्यासारखा, आठ महिने खिडकी अडवून बसतो. तो उतरवा. त्याचं लोखंडी स्टँड मात्र तिथंच राहू द्या. ज्या स्टँडनं पन्नास लिटर पाण्याची टाकी पेलली त्याला मातीची एक पेटी जड नाही. बोल्ट गंजले असतील तर तेवढे बदलून घ्या. जुन्या कूलरची टाकी गळत असेल म्हणून भंगारात द्यायची असेल तर थांबा. तळाला आणखी चार भोकं पाडली की तीच पेटी. माझ्या पश्चिमेच्या खिडकीत १४ वर्षं अशीच एक फायबरची टाकी आहे.

आता उन्हाचं. खिडकीतलं ऊन घड्याळावर मोजायचं नसतं, महिन्यावर मोजायचं असतं. निवृत्त झाले त्या वर्षी मी दर महिन्याच्या २१ तारखेला खिडकीच्या कट्ट्यावर तासातासाला खडूनं उन्हाची रेघ मारली. (घरचे म्हणाले, हिला करमून नाही राहिलं.) त्यातून जे कळलं ते असं. आपण २१ अंश अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा दुपारचं ऊन येतच नाही, वरचा छज्जा ते अडवतो. तोच सूर्य डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर, दक्षिणेला कललेला असतो आणि थेट खिडकीत शिरतो. साधारण नऊपासून चारपर्यंत. हिवाळ्यात ऊन, उन्हाळ्यात सावली. दक्षिणेची खिडकी तुमची सोन्याची आहे, आणि तुम्ही तिच्यात बहुधा चपलांचं कपाट ठेवलं असेल.

पश्चिमेची खिडकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगली. दोन ते साडेपाच एवढं ऊन पाल्याला पुरतं. सहा तास लागतात ते टमाटर-मिरचीला, ज्यांना फळ धरायचं असतं. पानं खायची असतील तर तीन-चार तास खूप झाले. मार्च लागला की मात्र ही खिडकी सोडा. पारा ४५ अंशांवर असतो तेव्हा नुसतं ऊन नसतं, दिवसभर तापलेली भिंत रात्री दहापर्यंत आच फेकत असते. रोपाला विसावाच मिळत नाही.

आणि पाणी कधी घालत होतात? तुम्ही लिहिलंत, दुपारी, कारण तेव्हा ती मान टाकायची. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी मे महिन्यात हाताला सोसवत नाही, ते मुळांना कसं सोसेल? रात्री बादली भरून घरात ठेवायची आणि पहाटे ते घालायचं. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तर नकोच. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. आठवडाभर चाललेल्या टाकीच्या कडेला पांढरा थर बघता ना, तोच कुंडीत जातो.

दिवाळीनंतर पश्चिमेला पालक-मेथी, दक्षिणेला सांबार (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी: म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे) आणि बाकी सगळं. पुदिन्याला ओल हवी, ऊन थोडं चालतं. त्याला दक्षिणेच्या पेटीच्या सावलीकडच्या टोकाला, वेगळ्या कुंडीत ठेवा, नाही तर तो सगळी पेटी बळकावतो. विकत रोप आणू नका. बाजारच्या जुडीतल्या जाड दांड्या निवडा, खालची पानं काढा, ग्लासभर पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं सुटतात. उन्हाळ्यात हात शिवशिवलेच तर दक्षिणेच्या ग्रिलवर मायाळू चढवा आणि खाली घोळ पेरा. या दोघांना आपला मे महिना मानवतो. मला तर नाही मानवत.

“सासर उमरेडकडचं. शेतातली कपाशीची काळी माती चुंगडीभर आणली. तिथं सोनं पिकतं, आणि इथं खिडकीतल्या पेटीत तिची वीट झाली. पाणी वर साचतं नाही तर कडेनं सरळ खाली गळतं. मेथी बोटभर होऊन पिवळी पडली.”
— एक वाचक, मनीषनगर

माती वाईट नाही, जागा चुकली. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. शेतात तिला भेगा पडतात, वरचा भुगा त्यांत पडतो, पुढच्या पावसात माती खालीवर होते. शेतकरी म्हणतो ही आपली नांगरणी आपणच करते. वीतभर खोल पेटीत तिला हलायला जागा कुठली? ती चारी बाजूंनी कडा सोडते आणि तुमचं पाणी त्या फटीतून खालच्या मजल्यावर.

टाकून देऊ नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, गांडूळखत दोन भाग, तुमची माती एक भाग, आणि पेटीमागं एक मूठ निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी फेकून एकदा साध्या पाण्यानं धुऊन घ्या, त्यात मीठ असू शकतं. पेटी दोन फूट लांब, आठ इंच रुंद, आठ इंच खोल एवढी बास. तिच्यात साधारण २५ लिटर मावतं. एकदा रद्दीवाल्याला थांबवून मी दोन पेट्या त्याच्या काट्यावर तोलल्या होत्या. नुसत्या ओल्या काळ्या मातीची चाळीस किलोच्या आसपास भरली, या मिश्रणाची वीसच्या आत. रद्दीवाला म्हणाला, “मावशी, माती विकून राहिल्या का?” खिडकीच्या ग्रिलला हा फरक फार मोठा आहे.

सासरच्या मातीचा मान राखायचा म्हणून तो एक भाग ठेवा. ओल धरायला ती खरंच कामाची आहे.

“तीन वेळा धने पेरले. सांबार उगवूनच नाही राहिला. एकदा उगवला तर वीतभर होऊन लगेच फुलावर आला. आमच्या घरी लहानपणी परसात टाकले की उगवायचे.”
— एक आजी, महाल

आजी, तुमच्या परसात तो आपला आपण पडून उगवायचा, बरोबर हंगामात. तुम्ही पेरलात, असं पत्रावरून दिसतं, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये. तापलेल्या, गच्च ओल्या मातीत धना कुजतो.



एक अख्खा धना म्हणजे दोन बिया एका टरफलात. पाटावर पसरून लाटण्यानं हलकं रगडा, दोन फाका व्हायला हव्यात, पीठ नको. रात्रभर पाण्यात, सकाळी निथळून ओल्या फडक्यात एक दिवस, मग बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल पेरा. वर मातीचा पातळ थर. आठ ते दहा दिवस वाट बघायची, पाचव्या दिवशी उकरून बघायचं नाही. किराणातले धने चालतात, पण हिरवट, वासाचे, भाजलेले नसलेले. आणि ते उगवतात की नाही याची परीक्षा आधीच घ्या. ओल्या फडक्यात वीस दाणे ठेवा, निम्मे फुटले तरी ते धने पेरायचे.

फुलावर लवकर येण्याला तीन कारणं: गरमी, तहान आणि मुळाला धक्का. म्हणून सांबार एका ठिकाणी उगवून दुसरीकडे लावायचा नाही. जिथं पेरला तिथंच कापायचा. पेटीचे चार भाग पाडा आणि दर पंधरा दिवसांनी एक भाग पेरा. चाळीस दिवसांनी कात्रीनं, बुडखा दोन बोटं ठेवून कापा, पुन्हा थोडा फुटतो. शेवटच्या भागाला फूल येऊ द्या. त्या पांढऱ्या छत्र्यांवर बारीक पट्टेरी माशा येतात, त्यांच्या अळ्या मावा खातात. आणि हिरवे धने ठेच्यात घालून बघा.

एक खरं सांगते, कारण दुकानवाले सांगत नाहीत. खिडकीतल्या सांबारात सांबारवडी होत नाही. तिला दोन मोठ्या जुड्या लागतात, त्या गोकुळपेठेच्या नाही तर बुधवारी बाजारातूनच आणाव्या लागतात. खिडकीतला पुरतो पोह्यांवर, वरणात, वांग्याच्या भाजीवर पेरायला. पण कापून दोन मिनिटांत पोह्यांवर पडलेल्या सांबाराचा वास जुडीला नाही.

“आम्ही दोघंही मिहानमध्ये नोकरीला. सॅलडची पानं पाकिटात महाग मिळतात आणि दोन दिवसांत चिकट होतात. लेट्युसचं बी आणलं, तीनदा पेरलं, एकही उगवलं नाही. रॉकेट, क्रेस, बेझिल... हे नागपुरात होतं का?”
— एक जोडपं, बेसा

होतं. त्यातलं निम्मं तुमच्या स्वयंपाकघरात बरणीत आहे, नाव तेवढं वेगळं.

क्रेस म्हणजे आपला अळीव. बाळंतिणीच्या लाडवातला तोच. ओल्या फडक्यावर किंवा दोन बोटं कोकोपीटवर दाट शिंपडा, भिजवत ठेवू नका, त्याचा चिकट गोळा होतो. आठ-दहा दिवसांत कात्रीनं कापण्याएवढा. झणका मोहरीसारखा. काकडीच्या कोशिंबिरीत घातला तर पाहुणे विचारतात, हे काय टाकलं.

रॉकेट म्हणजे तारामिरा. राजस्थानकडे तेलबी म्हणून पेरतात, आयुर्वेदिक माल विकणाऱ्या दुकानात बी मिळतं. परदेशी चित्राच्या पाकिटाचे पैसे वाचवा. तीस दिवसांत पान. बाहेरची पानं तोडत राहा, मधला कोंब सोडा.

बेझिल आणि सब्जा, दोन्हींची जात एकच. फालुद्यातला सब्जा पेरला तर रोप हमखास येतं, पण वास पिझ्झावरच्या बेझिलसारखा गोडसर नसेल, थोडा लवंगेकडे झुकणारा. मला तोच आवडतो. याला थंडी अजिबात सोसत नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर गेला त्या रात्री माझी सात रोपं बाहेर होती. सकाळी पानं उकडल्यासारखी काळी. तेव्हापासून डिसेंबर-जानेवारीत रात्री ती कुंडी घरात येते.

पालकाबद्दल पण ऐका. आपला देशी पालक इंग्रजी स्पिनचपेक्षा वेगळ्या वनस्पतीचा, तो बीटचा भाऊबंद. म्हणून आपलं ऊन थोडंफार झेलतो. त्याचं खडबडीत बी म्हणजे दोन-तीन बियांचा गठ्ठा असतो, त्यामुळे एका जागी दोन-तीन रोपं उगवली तर गोंधळू नका. एक ठेवा, बाकीची कोवळी उपटून कच्चीच खा. तुम्ही पाकिटात ‘बेबी’ म्हणून विकत घेता ती अशाच वयाची पानं.

आता तुमचा लेट्युस. त्याचं बी तीस अंशांच्या वर गेलं की झोपी जातं. मरत नाही, रुसतं. शिवाय त्याला उगवायला उजेड लागतो, आणि तुम्ही बहुतेक वर इंचभर माती लोटली. बी ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, भाजीच्या कप्प्यात. नोव्हेंबरच्या मध्यावर सपाट केलेल्या ओल्या मातीवर टाका आणि हातानं नुसतं दाबा. गड्डा धरणारी जात नको, सुट्या पानांची घ्या. चाळीस दिवसांनी बाहेरची पानं सुरू. फेब्रुवारी संपत आला की तो दांडा वर काढतो, तोडलं की पांढरा चीक येतो आणि पान कडू लागतं. तेव्हा उपटून टाकायचा, त्याच्यावर औषध शोधायचं नाही.

पानं सकाळीच तोडा, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर नको. सकाळी ती पाण्यानं भरलेली असतात. धुऊन, फडक्यात गुंडाळून डब्यात.

आणि एक ताकीद. कृषी केंद्रातलं गुलाबी किंवा निळं-हिरवं रंगवलेलं बी शेतात पेरायला असतं, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. अळीव-मेथीसारखं आठ दिवसांत कापून खायचं असेल तर ते बी चालणार नाही. त्यासाठी किराणातलं बिनरंगाचंच.

“खालच्या मजल्यावरच्या काकू रोज भांडतात. माझ्या पेटीतलं पाणी त्यांच्या मुगवड्यांवर पडतं म्हणे. खिडकी माझी, मी पाणी घालायचं नाही का?”
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

त्या काकूंचं बरोबर आहे. मुगवड्या वाळवणं हे लेट्युस लावण्यापेक्षा जुनं काम आहे.

पेटीखाली ट्रे ठेवा, पेटी दोन फरशीच्या तुकड्यांवर उचला म्हणजे बूड पाण्यात राहत नाही. पाणी एका दमात ओतू नका. आधी अर्धा मग, पाच मिनिटांनी अर्धा. कोरडं कोकोपीट पहिलं पाणी ढकलून देतं, ओलं झालं की पितं. एवढं केलंत तर ठिबकणार नाही.

पेटी ग्रिलच्या आत ठेवा आणि तारेनं बांधा. हे मी शहाणपणानं नाही, खर्च करून शिकले. एका एप्रिलमध्ये अवकाळीच्या वावटळीत माझी पुदिन्याची कुंडी तीन मजले खाली, एका स्कूटरच्या सीटवर. स्कूटरवर कुणी नव्हतं म्हणून नव्या सीट कव्हरवर भागलं. आणि पहिली अळीवाची जुडी त्या काकूंना द्या.

“घरात संत्र्यांच्या सालींचा ढीग पडतो. कुंडीत टाकल्या तर चालतील का?”
— एक वाचक, धरमपेठ

सरळ कुंडीत नको. माहेर संत्र्यांच्या काटोलचं, त्यामुळे साल मीही फेकत नाही, पण पेटीत टाकली तर तिच्यावर हिरवी बुरशी आणि भोवती चिलटं. बारीक चिरून, उन्हात कडक वाळवून, वाळल्या पानांबरोबर कंपोस्टच्या बादलीत. चहाचा चोथाही धुऊनच, दूध-साखरेसकट टाकला की मुंग्यांची जत्रा.

“मी चंद्रपूरची, इथं शिकायला रूम करून राहते. खिडकीत मेथीची एक पेटी आहे, चार इंच झाली आहे. दिवाळीला आठ दिवस घरी जाणार. रूम बंद, पाणी कोण घालणार?”
— एक विद्यार्थिनी, नंदनवन

नाडा घालेल. परकराचा जुना, जाड सुती नाडा घे, नायलॉनचा नको. एक बादली पाणी भरून पेटीपेक्षा वीतभर उंच, स्टुलावर ठेव. नाडा पूर्ण भिजव, एक टोक बादलीच्या तळाशी दगडाला बांधून सोड, दुसरं पेटीच्या मातीत दोन इंच पुरून टाक. दोन फूट पेटीला दोन नाडे. पाणी सुतातून हळूहळू उतरत राहतं. पण जायच्या दिवशी पहिल्यांदा लावू नकोस. दोन दिवस आधी लावून बघ, सकाळी माती ओली आहे की चिखल झाला आहे. चिखल असेल तर एक नाडा काढ नाही तर बादली थोडी खाली घे.

आणि चार इंचांची मेथी आठ दिवसांसाठी ठेवून तरी काय करणार? निघायच्या आदल्या दिवशी वरची तीन इंच काप. बुडखे राहिले तर थोडा फुटवा येईल, आणि त्यांना पाणीही कमी लागेल. कापलेली मेथी ओल्या फडक्यात गुंडाळून आईकडे ने. बसमध्ये पिशवी खिडकीजवळ उन्हात ठेवू नकोस, पायाशी ठेव.